फिट होईपर्यंत

मुलगा पळतो, सून वजनं उचलते, आणि त्या दोघांच्या मधे मी बसलेय, बंगळूरच्या व्हाइटफील्डमध्ये, अकराव्या मजल्यावर, फिट व्हायची वाट बघत. फिट झाले की मला माझ्या घरी सांगलीला जाऊ देणार आहेत. तसं ठरलंय. फक्त फिट म्हणजे काय, ते अजून ठरायचंय.

मी सुनंदा. सगळा जन्म टेलिफोन खात्यात गेला. नवरा शरच्चंद्र जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत मी एकटी राहत होते आणि मजेत होते, कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात पडले. हातात भाजीची पिशवी होती, पायात झिजलेली चप्पल होती, दुसरं काही कारण नाही. मनगट मोडलं. खालच्या मजल्यावरच्या प्रणितानं दवाखान्यात नेलं आणि ध्रुवला फोनही तिनंच केला. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत, जपायला हवं. झालं. ध्रुव विमानानं आला, आणि फिट होईपर्यंत चल म्हणून मला घेऊन गेला. मनगट संक्रांतीला जुळलं. मी अजून इथेच आहे.

आता या दोघांचं सांगते. ध्रुव उजाडायच्या आत बूट चढवून पळायला जातो. घामानं निथळत परत येतो आणि पहिल्यांदा मनगटावरच्या घड्याळात बघतो, बायकोकडे नंतर. अंगावर मूठभर मांस नाही. अरे, गालावर तरी काही राहू दे म्हटलं, तर म्हणतो माझं हार्ट बघ. आता हार्ट कसं बघू मी? सिद्धी संध्याकाळी खालच्या जिममध्ये जाते. लोखंडी दांड्याला दोन्हीकडून चकत्या लावते आणि जमिनीवरून उचलते. मी एकदा कौतुकानं बघायला गेले, तर माझ्याच पोटात कळ आली. पण पोरीचे दंड खरंच बघण्यासारखे आहेत. पिण्याच्या पाण्याचा तो भला मोठा कॅन एका दमात उचलून उलटा बसवते, आणि त्या वेळी ध्रुव शेजारी उभा राहून फोन बघत असतो.

रोज रात्री जेवताना यांचं सुरू. तो म्हणणार, वजनं उचलून नुसते दंड फुगतात, हृदयाला काय मिळतं? ती म्हणणार, पळून पळून मांस झडतं, उद्या म्हातारपणी खुर्चीतून उठता येणार नाही. तो एक व्हिडिओ दाखवतो, ती दुसरा दाखवते. दोन्ही व्हिडिओत डॉक्टरच असतात, दोघंही तावातावानं बोलतात. पोळ्या गार होतात. आधी मला मजा वाटायची. मग हळूहळू लक्षात आलं की बाई, हे भांडण आता तुझ्या अंगावर चाललंय.

मनगट जुळल्यावर ध्रुवनं मला चालायला लावलं. आमच्या टॉवरभोवती फरसबंद वाट आहे, तिथं भराभर चालायचं आणि चालता चालता त्याच्याशी फोनवर बोलायचं. बोलताना दम लागता कामा नये, ही त्याची परीक्षा. फोनवर बोलण्याची परीक्षा, आणि मला! पाडव्यापर्यंत मी अशी तयार झाले की चालता चालता त्याला त्याच्या चुलत्याच्या लग्नातले सगळे रुसवेफुगवे सांगितले आणि एकदाही थांबले नाही. आता तिकीट काढ म्हटलं. तो हो म्हणणार होता, त्याच्या तोंडावर दिसत होतं. तेवढ्यात सिद्धी म्हणाली, आई, जमिनीवर बसा बरं, आणि हात न टेकता उठून दाखवा.

बसले मी. उठता येईना. तिनं हात दिला, आणि ध्रुवकडे असं बघितलं की जणू तिचंच पारडं जड झालं.

मग चालणं निम्मं झालं आणि माझ्या हातात गुलाबी रंगाची छोटी डंबेल्स आली. खुर्चीवरून उठा, बसा, उठा, बसा. आमच्या शाळेत ही शिक्षा होती, इथे वर पेलाभर प्रोटीन देतात. त्या प्रोटीनची चव सांगण्यासारखी नाही. पण कुरकुर करत का होईना, मी केलं. करायचंच होतं, कारण मला माझ्या घरी जायचं होतं. तिथं काय आहे म्हणाल, तर काही नाही. सकाळी उठून आपल्याला हवा तेव्हा चहा ठेवायचा. दाराला कुलूप लावून, कुणालाही न सांगता, गणपतीच्या देवळाकडे निघायचं. भिशीच्या बायकांत मनसोक्त बसायचं. एवढंच. इथे मी चहाचं पातेलं शोधायलासुद्धा विचारते.

ज्येष्ठात मी जमिनीवरून हात न टेकता उठले. सिद्धीनं मिठी मारली. आणि ध्रुवनं आपलं घड्याळ काढून माझ्या मनगटावर बांधलं, थोडा वेळ त्याकडे बघत बसला आणि म्हणाला, नाडी वाढलीय, चालणं सोडल्यामुळं. पुन्हा टॉवरभोवती फेऱ्या. चालले की सिद्धी म्हणते मांस चाललं, उचललं की ध्रुव म्हणतो हृदय चाललं. कपाळ माझं. मी कुणाकडे दाद मागायची?

आषाढात एक दिवस दुपारी मी कोथिंबीर आणायला म्हणून गेटबाहेर निघाले. गेटवरच्या वॉचमननं अज्जी, अज्जी करत मला अडवलं, खुर्ची दिली आणि फोन लावला. कुणाला? ध्रुवला. अज्जी एकटी बाहेर निघाली तर मला कळवायचं, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. मी त्या खुर्चीत बसले आणि मला रडू आलं. रागानं आलं. चाळीस माणसांच्या ऑफिसात मी सुपरवायझर होते, आणि इथं कोथिंबिरीला परवानगी.

तिथे कमलाअक्का भेटल्या. आमच्याच टॉवरमध्ये लेकीकडे राहतात, आधी जे. पी. नगरला होत्या. मराठीच आहेत, पण पिढ्यान्‌पिढ्या इथल्या, त्यामुळे मराठीत अधूनमधून कन्नड डोकावतं. स्वल्प पाणी प्या म्हणून त्यांनी मला बाटली दिली. मी सगळं गाऱ्हाणं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, आमचं घराणं शहाजीराजांबरोबर आलं ते अजून परत गेलं नाही, तुम्ही एका वर्षाचं काय घेऊन बसलाय. मला हसू फुटलं. मग त्यांनीच सुचवलं की श्रावणात क्लबहाउसमध्ये इथल्या मराठी बायकांची मंगळागौर असते, त्यात खेळा. आमच्यात नुसती पूजा असते, खेळ नाहीत, मी बघायला येईन म्हणाल्या. त्यांच्याच कन्नडात सरी, म्हणजे बरं, म्हणाले मी.

मनात मात्र माझं वेगळंच चाललं होतं. मंगळागौर म्हणजे उड्या, गिरक्या, दम आणि गुडघे, सगळं एकदम. तिथे शंभर बायकांसमोर खेळून दाखवलं, तर चालणं की उचलणं हा प्रश्नच उरणार नाही. दोघांची तोंडं एका दमात बंद.

श्रावणातल्या मंगळवारी नऊवारी नेसले. झिम्मा खेळले. मग फुगडी. सिद्धीला ओढलं मी, आणि काय सांगू, एवढं लोखंड उचलणारी माझी सून चार गिरक्यांत धापा टाकायला लागली, आणि मी तिला सोडेना. बायका टाळ्या वाजवत होत्या, कमलाअक्का उभ्या राहिल्या होत्या. नंतर उकिडवं बसून बसफुगडी. शेवटी मी खुर्चीत येऊन पडले आणि पोट धरून हसले. इतकी खूश मी या गावात कधीच झाले नव्हते. कुणीतरी व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. मी मनात म्हटलं, बरं झालं, पुरावाच झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवायला बसलो. मी आमटी वाढली आणि म्हणाले, बघितलास व्हिडिओ? आता काढ तिकीट.

ध्रुवनं फोन टेबलावर ठेवला. व्हिडिओ त्यानं नेमका शेवटाला थांबवला होता.

"इथे बघ. तुझा हात छातीवर गेलाय."

"आणि त्याच्या आधी बसफुगडीत," सिद्धी म्हणाली, "हात टेकलाय तुम्ही. तोल गेला होता आई. पडला असतात."

तोच व्हिडिओ. शंभर बायका टाळ्या वाजवतायत, मी नाचतेय, आणि यानं तेवढा हात बघितला, हिनं तेवढा तोल बघितला.

"मी हसत होते रे," मी म्हणाले.

"बाबा पण हसतच होते." ध्रुवचा आवाज चढला. "प्रणिताच्या नवऱ्याशी गप्पा मारत जिना चढले, हसले, आणि पायरीवर बसले. तेवढंच. मी इथे मीटिंगमध्ये होतो. फोन म्यूटवर होता माझा."

मग सिद्धी बोलली, आणि ती ध्रुवशी बोलत नव्हती, माझ्याशीच बोलत होती.

"माझी आई सोलापूरला बाथरूममध्ये पडली, तेव्हा तिला उठता आलं नाही. बाकी काही झालं नव्हतं तिला, नुसतं उठता आलं नाही. कामाच्या गोजराबाई सकाळी आल्या तोवर ती तशीच होती. बाहेर फोन वाजत होता. मीच करत होते."

सिद्धीची आई, स्मिता, पडल्यानंतर अंथरुणातून उठली नाही, हे मला ठाऊक होतं. फोनचं ठाऊक नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला वाटतं ध्रुवलाही नव्हतं. तो तिच्याकडे बघत होता, आणि घड्याळाकडे नाही.

तेव्हा मला सगळं लख्ख कळलं. हे पळणं आणि उचलणं, ते व्हिडिओ, ते डॉक्टर, सगळं ऐकत मी एवढे महिने घाम गाळला. मी मूर्ख, मला वाटत होतं की परीक्षा आहे म्हणजे पास होता येतं. त्यांना मी फिट नकोच होते. त्यांना मी न मरणारी हवी होते. आणि तेवढं सोडून मी काय वाटेल ते शिकले असते.

माझा राग कुठे गेला कळलं नाही, पण बोलायचं ते बोलले.

"हे बघा, मी मरणार आहे. चालले तरी मरणार, उचललं तरी मरणार. कधी ते माझ्या हातात नाही. कुठे, तेवढं तरी माझं मला ठरवू द्या."

ध्रुवनं मान खाली घातली. ताटातला भात बोटानं एका कडेला लोटला. मग हात धुऊन आला, फोन उचलला आणि म्हणाला, राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं गेलीस तर मिरजेला सकाळी उतरशील, प्रणिताला घ्यायला यायला सांगू. मी म्हटलं सांग. बर्थ कुठली, म्हणून त्यानं विचारलं. मी म्हणाले, कुठलीही.

"लोअरच," दोघं एकदम म्हणाले. या घरात त्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

"कधीचं काढू?" ध्रुवनं विचारलं.

उद्याचं, असं म्हणायचं होतं मला. अगदी जिभेवर होतं. वर बघितलं तर त्याचा अंगठा फोनवर तसाच अधांतरी थांबला होता, आणि सिद्धी, एवढ्या दंडांची माझी सून, टीशर्टच्या बाहीला नाक पुसत होती.

"गणपती झाल्यावर बघू," मी म्हणाले.

ध्रुवनं फोन खिशात घातला. सिद्धी आमटी गरम करायला उठली. मी तिथंच बसून राहिले. आता मला अडवणारं कुणी नव्हतं, आणि थांबले मी माझ्याच तोंडानं. त्याचा मला इतका राग आला, की आमटी आल्यावर पहिला घास घेतला आणि मीठ कमी आहे म्हणून सिद्धीलाच बोलले. आमटी मीच केली होती. मीठ बरोबर होतं.