सतरा नंबर, पुढे या

आमच्या सूनबाईंनी डॉक्टरेटसाठी साडेचारशे पानांचा प्रबंध लिहिला. छापून घरी आला तेव्हा मी तो आधी हातात तोलून पाहिला. जवळजवळ दोन किलोच्या डंबेलएवढा भरला. विषय असा, की शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत उतरणारा माणूस स्वतःला कोण समजतो, आणि स्टेज सुटल्यावर तो कोण उरतो. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी म्हणालो होतो, "यात लिहायचं काय? माणूस तोच, फक्त शर्ट ढगळ होतो." तिने तेही वहीत टिपून घेतलं.

तेव्हा ती सून नव्हती. सहा वर्षांपूर्वी ती माझ्या जिममध्ये आली ती खांद्याला कापडी पिशवी आणि हातात रेकॉर्डर घेऊन. पोरगी अगदी काडी. मला वाटलं, वजन वाढवायला आलीय. "मला वजन नाही उचलायचं, सर. तुमच्याशी बोलायचंय," ती म्हणाली. मी म्हटलं, "आधी पन्नास बैठका, मग बोलणं." मला वाटलं, पळून जाईल. काढल्या की पठ्ठीने! दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरताना कठड्याला लोंबकळत होती, पण आली. तिथेच ती मला आवडली, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. उगाच डोक्यावर बसेल.

माझी जिम तळघरात आहे. तीन भिंतींना आरसे, खाली रबरी चटया, वर करकरणारा पंखा. चौथ्या भिंतीवर माझा फोटो. शेवटच्या स्पर्धेतला, अंगाला काळपट रंग फासलेला, कमरेला सतरा नंबरचा बिल्ला. नवीन आलेल्या प्रत्येकाला मी त्या फोटोखाली उभं करून सांगायचो, "याच दिवशी माझा खांदा गेला आणि स्टेज सुटलं. म्हणून सांगतो, अंग तापवल्याशिवाय लोखंडाला हात लावायचा नाही." बत्तीस वर्षं सांगत होतो. ऐकणारे माना डोलवायचे.

तिच्या संशोधनाचा एक नियम होता. मुलाखत देणाऱ्याचं नाव कुठेही येणार नाही, फक्त एक नंबर येईल. नंबर ज्याचा त्याने निवडायचा. मी विचार न करता म्हणालो, सतरा. मग मागच्या खोलीत, मोडक्या बाकावर बसून, तीन रविवार दुपारी आम्ही बोललो. तिचा पहिलाच प्रश्न होता, "स्टेज सोडल्यावर तुम्ही स्वतःला काय म्हणवता?" मी म्हटलं, पुढचा प्रश्न विचार.

तिसऱ्या रविवारी तिने सहज विचारलं, "सर, खांदा कुठला?" मी म्हणालो, डावा. ती वहीची पानं मागे उलटत म्हणाली, "पहिल्या रविवारी उजवा होता." चिडवलं नाही, हसली नाही. आणि कोण जाणे काय झालं, मी बोलून गेलो.

खांद्याला काहीही झालं नव्हतं. त्या स्पर्धेआधी मी तीन दिवस पाण्याचा थेंब घेतला नव्हता. कातडी कागदासारखी ताणली गेली की स्नायू उठून दिसतात, म्हणून आम्ही तसं करतो. गाल आत गेलेले, डोळे खोल, वर रंगाचे तीन थर. दुसरा आलो. आनंदाच्या भरात अंग न धुताच कप घेऊन घरी गेलो. दार उघडलं आणि माझ्या चार वर्षांच्या पोराने मला पाहून भोकाड पसरलं. आईच्या मागे लपून ओरडायला लागला, "हा माणूस नको! हा माणूस नको!" तासभर अंग घासून बाहेर आलो तरी जवळ येईना. शेवटी आला, आणि एक बोट माझ्या गालाला लावून खात्री करून घेतली. त्यानंतर मी स्टेजवर पाऊल ठेवलं नाही. पण हे चारचौघांत सांगणार कसं? नव्वद किलोचा गडी पोराच्या रडण्याने घाबरला म्हणून? त्यापेक्षा खांदा बरा.

"हे कुणालाही कळणार नाही," ती म्हणाली. मी निश्चिंत झालो. आणि वर्षभरात आमचे चिरंजीव, जे चष्म्याच्या दुकानात काम करतात आणि संध्याकाळी माझ्याकडे व्यायामाला येतात, माझ्यापुढे उभे राहून म्हणतात, मला तिच्याशी लग्न करायचंय. मला दरदरून घाम फुटला. घरात सून नाही, रेकॉर्डर येतोय! बायको म्हणाली, "एवढी गुणी मुलगी, तुमच्या का पोटात दुखतंय?" काय सांगणार?

पण पोरगी पक्की. पाच वर्षं एका टेबलावर जेवलो आम्ही. नवरा तिला विचारायचा, "हा सतरा नंबर कोण गं? अख्खं प्रकरण त्याच्यावर आहे." रोज माझ्या फोटोखाली घाम गाळायचा, पण खांद्याची गोष्ट इतकी पाठ होती की बिल्ल्यावरचा नंबर त्याला कधी दिसलाच नाही. ती म्हणायची, "नाही सांगता येणार." एकदा तो त्यावरून दोन दिवस फुगून बसला होता. तिने त्याची समजूत काढली, पण नाव काढलं नाही. मी आपला खाली मान घालून जेवत होतो. मला त्या दोन दिवसांत तिचा जो अभिमान वाटला तो मला मिळालेल्या एकाही कपाचा वाटला नव्हता.

शेवटी तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षा सगळ्यांसमोर असते, कुणीही येऊन बसावं. आदल्या दिवशी मी तिची तयारी करून घेतली. "पाय जुळवून उभी राहा. श्वास पोटातून. परीक्षकाच्या डोळ्यांत बघायचं. आणि हे बघ, पाणी भरपूर प्यायचं, आमच्यासारखा मूर्खपणा करायचा नाही." ती हसली. मग हळूच म्हणाली, "बाबा, तुम्हाला अवघड वाटत असेल तर नाही आलात तरी चालेल." मी म्हटलं, "वा गं वा! मी नवा कोट काय बोहारणीला द्यायला शिवलाय?"

तिसऱ्या रांगेत आम्ही तिघं बसलो. कडेला मी, मग बायको, मग चिरंजीव. समोर लांब टेबल, त्यामागे समिती, आणि मधोमध बाहेरून आलेले परीक्षक. चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज थंड. प्रबंधाला त्यांनी जागोजागी पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. तासभर त्यांनी तिला पिळून काढलं आणि तासभर ती ताठ उभी राहून उत्तरं देत होती. माझा ऊर भरून आला होता. तेवढ्यात त्यांनी पाचवं प्रकरण उघडलं.

"हे प्रकरण तुमच्या प्रबंधाचा कणा आहे," ते म्हणाले, "आणि ते एका माणसावर उभं आहे. बाकी सगळ्यांच्या बाबतीत तुम्ही घरच्यांशी बोललात, मित्रांशी बोललात. याच्या बाबतीत कुणाशीच नाही. असा माणूस आहे तरी का? की तुम्हाला हवा तसा तुम्ही रचलात?"

"माणूस आहे, सर. घरच्यांशी बोलू नका ही त्यांची अट होती. मी त्यांना शब्द दिलाय, त्यापलीकडे मला सांगता येणार नाही."

"मग हे प्रकरण मला मान्य करता येणार नाही. वगळा, आणि प्रबंध पुन्हा लिहा."

पुन्हा लिहा! म्हणजे आणखी दोन वर्षं. टेबलावरचा पेला तिने उचलला आणि न पिताच खाली ठेवला. तिने छताकडे पाहिलं, कागदांकडे पाहिलं, मार्गदर्शक बाईंकडे पाहिलं. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी तिच्यापासून दहा पावलांवर बसलो होतो, आणि तिने चुकूनसुद्धा नजर इकडे वळवली नाही.

परीक्षक माइककडे झुकले. "शेवटचं विचारतो. सहभागी क्रमांक सतरा..."

आणि मी उठून उभा राहिलो.

खरं सांगतो, ठरवून नाही उठलो. स्टेजवर आम्हाला नाव नसतं. माइकवरून नंबर पुकारतात, आणि नंबर आला की एक पाऊल पुढे, टाचा जुळवून, पोट आत, छाती बाहेर. बारा वर्षं हेच केलं. पाय डोक्याला विचारत नाहीत. खुर्ची धाडकन मागे गेली, आणि मी दोन रांगांमधल्या वाटेत, दंड अंगापासून फाकवून, पोट आत ओढून उभा. सगळं सभागृह माझ्याकडे बघतंय.

"आपल्याला काही हवंय का?" परीक्षकांनी विचारलं.

"अहो, बसा ना," बायको कोट ओढत होती. बसता आलं असतं. पाणी प्यायला उठलो म्हणता आलं असतं. मी सूनबाईकडे पाहिलं. ती मला मानेने नको, नको म्हणत होती. स्वतःची सहा वर्षं पाण्यात जात होती आणि ही अजून मलाच सांभाळत होती. मला राहवलं नाही.

"सतरा नंबर मी," मी म्हणालो.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे वळले. "म्हणजे ओळख उघड झाली. हा तर सरळ नियमभंग आहे."

आता मात्र माझं टाळकं सरकलं. "थांबा, साहेब! नियम तिला आहे, मला नाही. नाव माझं आहे. ते झाकायचं की सांगायचं हे मी ठरवणार. या पोरीने पाच वर्षं स्वतःच्या नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही, आणि तो नवरा माझा मुलगा आहे. मी तिचा सासरा." मग सगळं सांगितलं. पाणी, रंग, कप, दार, भोकाड, गालावरचं बोट. मुलाकडे बघायची हिंमत झाली नाही, म्हणून परीक्षकांच्या चष्म्याकडे बघून सांगितलं.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "मुलाखतीच्या वेळी हे नातं नव्हतं. नातं जुळलं तेव्हा तिने समितीला लेखी कळवलं आहे. कागद फाइलला आहे." परीक्षकांनी मान हलवली. "ठीक. पण या प्रसंगाला साक्ष कोणाची?"

"माझी की!" बायको पर्स सावरत उभी राहिली. "पोर माझ्याच मागे लपलं होतं. आणि खांद्याचं म्हणाल तर, पहिली दहा वर्षं यांचा डावा दुखायचा, मग उजवा दुखायला लागला. मी आपली दोन्हींना मलम लावत आले."

सगळे हसले. मी बघतच राहिलो. बत्तीस वर्षं माहीत होतं हिला, आणि मला वाटत होतं मीच शहाणा.

हसणं ओसरल्यावर सूनबाई बोलली. आवाज स्वच्छ. "सर, त्या दिवशी काय घडलं हे सिद्ध करणं हा माझ्या प्रकरणाचा विषयच नाही. खरं कारण सोडून इतकी वर्षं खांदा का सांगावा लागला, हा माझा प्रश्न आहे. शरीर मोडलं म्हणून खेळ सोडला, हे असा माणूस छातीठोकपणे सांगतो. पोरासाठी सोडला, हे त्याला सांगता येत नाही. पान दोनशे बारा."

परीक्षकांनी पान उलटलं. वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग त्या पानावरची पिवळी चिठ्ठी त्यांनी काढली आणि चुरगळून खिशात टाकली.

निकालासाठी आम्हाला बाहेर काढलं. चिरंजीव माझ्याशेजारी बाकावर येऊन बसले. म्हणाले, "बाबा, मी रडलो म्हणून सोडलंत?"

"तू रडलास म्हणून नाही रे. तू मला ओळखलं नाहीस म्हणून. आणि मला ते बरोबर वाटलं. मीही ओळखलं नसतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते त्याचे. मग एवढा छत्तीस वर्षांचा घोडा, त्याने एक बोट माझ्या गालाला लावलं आणि म्हणाला, "हां. हेच आहेत." मी त्याला एक रट्टा दिला, नाहीतर मीच रडलो असतो.

आत बोलावलं. समितीचे अध्यक्ष उभे राहिले आणि तिला तिच्या नावाने नाही, डॉक्टर म्हणून हाक मारली. प्रबंध मान्य, पाचव्या प्रकरणासकट. मी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की टेबलामागचे परीक्षक दचकले. लाज कसली? माझ्या घरात पहिल्यांदा कुणीतरी पहिलं आलं होतं.

गर्दी पांगल्यावर ती माझ्याजवळ आली. तिची स्वतःची प्रत हातात, दोनशे बारावं पान उघडलेलं. "बाबा, आता झाकायचं काही उरलं नाही. इथे तुमचं नाव लिहा."

'सहभागी क्रमांक सतरा' या शब्दांशेजारी मी समासात लिहायला घेतलं. स्पर्धेच्या अर्जावर लिहायचो तसं, स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, मोठ्या अक्षरांत. अर्जावर नावाखाली आणखी एक रकाना असायचा, तुम्ही काय करता त्याचा. सवयीने हात खाली गेला आणि थांबला. तिने पहिल्या रविवारी विचारलेला प्रश्न आठवला, ज्याला मी पुढचा विचार म्हणालो होतो.

नावाखाली मी लिहिलं, डॉक्टरांचा सासरा.