हळदीत वाजलेली थाळी

सुनीलचा फोन आला तेव्हा चंदर भोये गिरणीत दळणाच्या रांगेत उभा होता. पहिली शिवी ऐकूनच त्याने डबा खाली ठेवला.

"चंदरदा, जित्या पोरीला मेल्यात काढलीस तू!"

"कोणाला? नीट बोल."

"तेजलला! माझ्या तेजलला! अंगाला हळद लागत होती आन तुझ्या रेडिओवर थाळी वाजली. दत्तूदादाची थाळी! लाज वाटती का तुला काही?"

सुनील त्याचा चुलतभाऊ. सुरगाण्याच्या अंगाला आंबेपाड्यात आज त्याच्या पोरीची हळद होती. बँजोवाल्यांनी ऐन वेळी दगा दिला, म्हणून मंडपवाल्या धनराजने तोडगा काढला होता. चंदरकाकांचा रेडिओच मोठ्या स्पीकरवर लावू, आपलीच गाणी आहेत. चंदर ते ऐकून फुशारला होता. आपल्या रेडिओवर लग्न नाचणार!

त्याचा रेडिओ म्हणजे नाशिकला पेठ रोडच्या घरातली वरची, पत्र्याची खोली. एक लॅपटॉप, एक माईक, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना टांगलेल्या गोधड्या. अंबडच्या कंपनीत गेटवर उमर गेली, रिटायर झाल्यावर पोरीने, पल्लवीने, इंटरनेटवर हे सुरू करून दिलं. नाव 'डोंगरची हाळी'. तोंडाने फुंकायच्या पावरीची गाणी, लावणीची गाणी, म्हणजे भाताच्या लावणीची, लग्नातली, खळ्यावरची. दिंडोरीच्या द्राक्षबागेत, वापीच्या कारखान्यात, नाशिकच्या स्लॅबवर डोंगरातली जी माणसं पोटासाठी पांगली होती, ती कानात घालून ऐकायची. मधेमधे चंदर बोलायचा. कोणाच्या पाड्यात पाणी आलं, कोणाची म्हैस व्याली.

आणि एक गाणं होतं, जे असं ऐकायचं नव्हतं. थाळीचं.

काशाची थाळी, तिच्यावर मेणाने उभी चिकटवलेली काडी. काडीवरून बोटं ओढली की थाळी घुमते, आणि त्या घुमण्यावर म्हातारा दत्तूदादा गायचा. माणूस मेलं की दहाव्याला. त्याच्या जिवाला वाट दाखवायला. एरवी कधीच नाही. दत्तूदादाने या खोलीत बसून ते गायलं ते एकाच अटीवर. दहाव्याला घरी येता येत नाही त्या पोरांसाठीच ते लागेल, आणि आधी मेलेल्याचं नाव घेतलं जाईल. गाण्याच्या सुरुवातीला थाळी एकटी घुमते, तेवढी जागा त्याने मोकळी सोडली होती. तिथे चंदर माईकवर तीनदा नाव घ्यायचा. मग गाणं.

"थाळी वाजली तर बंद करायची ना!" चंदर ओरडला. गिरणीतली माणसं वळून बघायला लागली.

"बंद कशी करायची ते कोणाला कळायला पायजे ना! धनराज गेलता जेवायला. थाळी घुमायला लागली आन बाया हळद लावताना तेजलचं नाव घेत होत्या. तेजलबाईला हळद लावा, तेजलबाईला हळद लावा. त्या मोकळ्या जागेतच रे! तीनदा! मग दत्तूदादाचा गळा लागला. म्हाताऱ्या हातातली हळद टाकून उठल्या."

"आन नवऱ्याकडचे पाव्हणे?"

"पाव्हणे म्हणतात, पोरगी थाळीत बसली, आता आम्हाला नको. जीप चालू करून बसलेत. बापू हात जोडतोय त्यांच्यापुढे. माझा बाप! सत्तरीचा माणूस!"

चंदर दळण तिथंच सोडून निघाला. सिग्नलला एक रिक्षावाला आडवा आला, त्याला दोन शिव्या हासडल्या. त्याच्या डोक्यात नुसती आग होती. ते गाणं वेगळं ठेवलं होतं. त्याला कोणी हात लावला?

पल्लवी खोलीत होतीच. तिचं तोंड उतरलेलं होतं, म्हणजे तिलाही फोन आला होता.

"कोणी टाकलं ते गाणं?"

"बाबा, मी ऑटोवर ठेवलं होतं. धनराजभाऊ म्हणाले, मधे बोलणं नको, सलग गाणी पाहिजेत."

"मी विचारलं, थाळी कोणी टाकली?"

"ते म्हणाले ते शांत गाणं पण घे. खूप छान वाटतं म्हणाले. डोकं शांत होतं. ते रोज झोपताना ऐकतात."

"झोपताना!" चंदरने कपाळावर हात मारला. "मेल्याचं गाणं झोपताना ऐकतो तो बैल! आन तू? तुला अक्कल नव्हती?"

पल्लवी आता उसळली. "कुठून येणार? मला कधी नेलंत दहाव्याला? शाळा बुडेल, परीक्षा आहे, लहान आहेस. दरवेळी इथंच ठेवलंत ना? मला वाटलं गाणं आहे. चांगलं आहे. झालं!"

ते खरं होतं. म्हणून राग जास्तच भडकला. त्याने धनराजला फोन लावला.

"काका, टेन्शन नका घेऊ," धनराज म्हणाला. मागे बायांचा गलका ऐकू येत होता. "मी माईकवरून सॉरी बोललोय सगळ्यांना. डीजे गाणं लावलं की मूड येईल परत."

"गाणं लावशील तर तंगडं मोडीन! तू कोणाचा आहेस रे? तुझा आजा पेठच्या डोंगरातच मेला ना? त्याला थाळी झाली का कुत्र्यासारखा पुरला?"

"काका, तोंड सांभाळा. मी तुमच्या रेडिओला जाहिरात देतो."

"तुझ्या जाहिरातीची होळी कर. स्पीकर चालू ठेव आन बाजूला उभा राहा. मी सांगेपर्यंत हात लावायचा नाय."

मग त्याने दत्तूदादाला फोन केला. म्हाताऱ्याच्या कानावर सगळं आधीच गेलं होतं.

"तुला म्हटलं होतं चंदर, यंत्राला दम नसतो. माणूस थांबतो, यंत्र थांबत नाय."

"चुकलं, दादा. शिव्या मागून घाल. आता काय करू? जीप निघाली तर पोरीचं वाटोळं होईल. थाळीतली पोरगी कोण करणार?"

"थाळीने नाव घेतलंय. ते सोडवायचं तर दुसरं नाव द्यावं लागतं. पयल्यापासून लाव, मोकळ्या जागेत नाव घे, आन पुरं गाऊ दे. पण खरा मेलेला पायजे. खोटं नाव माघारी फिरतं. ज्याचं घेतलं होतं त्याच्याकडंच."

"आज कोण मेलंय आपल्यात?"

"कोणी नाय. देवाची दया."

चंदरने फोन खाली ठेवला. पत्रा तापला होता. त्याने हेडफोन चढवला, माईक ओढला. पल्लवीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला काय वाटलं कोण जाणे, तिने त्याचा हात घट्ट धरला.

"बाबा, स्वतःचं नाव घ्याल तर बघा. मी वायर उपटेन."

"सोड."

"नाही सोडणार."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्या वायरीकडे. मग लॅपटॉपकडे, गोधड्यांकडे, खिळ्याला अडकवलेल्या पावरीकडे. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही त्याला राग आला.

"सोड," तो पुन्हा म्हणाला. "माझं नाय घेत."

त्याने सुनीलला फोन लावून शेजारी ठेवला. मग माईकवर बोलला. त्याचा आवाज आंबेपाड्यात उशिरा पोचायचा, तेवढं अंतर मधे होतंच. बोलून झालेलं वाक्य फोनमधून, मंडपाच्या स्पीकरवरून, त्याला पुन्हा ऐकू येत होतं. जणू डोंगरात कोणी दुसराच चंदर बोलत होता.

"मंडळी, जीपीतले पाव्हणे, तुम्हीपण ऐका. मघाशी थाळी वाजली ती तेजलची नव्हती. थाळी मेल्याचीच असते. मेलेला कोण, ते सांगायचं राहिलं होतं. आता सांगतो. थाळी नीट ऐका आन ऐकल्याबिगर जाऊ नका. अर्ध्या थाळीतून उठू नये, हे तुमच्याही म्हाताऱ्यांनी सांगितलेलं असंल."

त्याने गाणं पहिल्यापासून लावलं. थाळी घुमायला लागली. मोकळी जागा आली.

"डोंगरची हाळी," चंदर म्हणाला. "डोंगरची हाळी. डोंगरची हाळी. हा रेडिओ आज मेला."

पल्लवीने तोंडावर हात ठेवला. दत्तूदादाचा गळा सुरू झाला. ते गाणं लांब आहे. नदी येते, घाट येतो, आंब्याची सावली येते, जिवाला बसवतात, उठवतात, पुढे धाडतात. चंदर हलला नाही. फोनमधून मंडपातला गलका हळूहळू खाली बसत गेला आणि शेवटी त्यात एक म्हातारी रडताना ऐकू आली, दहाव्याला रडतात तशी, सुरात. कुणी रेडिओसाठी रडतंय हे ऐकून एरवी चंदर हसला असता.

थाळी थांबली. त्याने वायर भिंतीतून उपटली.

"आता पुसून टाक," तो पल्लवीला म्हणाला. "नाव, पत्ता, भरून ठेवलेली गाणी, सगळं. इंटरनेटवर काही राहता कामा नये."

"बाबा, बंद ठेवू ना नुसतं."

"बंद म्हणजे झोपलेला. मी मेला म्हणालोय. खोटं नाव माघारी फिरतं, ऐकलंस ना? कोणाकडे फिरंल?"

तिने पुसलं. पुसताना ती रडत होती. त्याने तिला उगी केलं नाही.

संध्याकाळी सुनीलचा फोन आला. पाव्हणे जीपमधून उतरले होते. जुनी हळद धुऊन नवी लावली होती. आभार मानले नाहीत त्याने, आणि चंदरला ते पाहिजेही नव्हते. मागून धनराजचा आला.

"काका, भारी केलंत! लोक रडले अक्षरशः. आता महिनाभराने नव्या नावाने सुरू करू. कोणाला कळतंय?"

"थाळीला कळतंय," चंदर म्हणाला. "आन तुझा नंबर मी पुसतोय. तूपण मेलास मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गिरणीतून दळण घेऊन आला, तर अनोळखी नंबर वाजत होता. वापीहून भिकन नावाचा पोरगा. रंगाच्या कारखान्यात कामाला.

"काका, तुमचा रेडिओ लागत नाय. उद्या आईचा दहावा हाय. सुट्टी देत नायत हे लोक. तुम्ही लावणार होतात ना?"

चंदरच्या तोंडाला सगळ्या शिव्या आल्या. धनराजला, कारखान्यावाल्याला, पल्लवीला, यंत्राला, स्वतःला. त्या पोराला द्यायला एकही नव्हती.

"आईचं नाव काय रे?"

"यशोदा."

"उद्या सकाळी फोन मोकळा ठेव. मी लावीन."

दत्तूदादाला थाळी घेऊन बसवायचं, फोन समोर धरायचा. त्याच्या पाड्यात रेंज येईल न येईल. आली तर येईल. रेडिओ असता तर हे पोरगं आणि त्याच्यासारखी किती जणं एकाच वेळी ऐकत बसली असती. आता एकेकासाठी डोंगर चढायचा. त्याने पिशवीत चार्जर कोंबला, टोपी घातली.

पल्लवी दारात चपला घालून उभी होती.

"मीपण येते."

"कशाला? तुला छान वाटतं म्हणून?"

"नाही. माहीत नाही म्हणून."

चंदरने तिच्याकडे पाहिलंही नाही. जिना उतरता उतरता म्हणाला, "सुरगाण्याची गाडी चुकली तर तुला इथंच ठेवीन. आन माझ्या शेजारी बसायचं नाय. मागच्या सीटवर बस. मला अजून राग हाय."