तळहाताचा पाचवा थर

कातडीच्या वरच्या पापुद्र्याला अंगभर चार थर आणि तळहाता-तळपायाला पाचवा, एवढं डोक्यात शिरायला आमच्या वर्गातल्या दीडशहाण्यांना तीन महिने लागले. आरतीच्या चालीवर घोकायच्या: बेसाले, स्पायनोसम, ग्रॅन्युलोसम, ल्युसिडम, कॉर्नियम. मी त्यांना हसायचे, आणि नेमका ल्युसिडम, तळहाता-तळपायाचा तो जादा थर, माझाच गळायचा. एकदा नापास झालेच होते. दुसऱ्यांदा झाले असते तर परळच्या त्या नर्सिंग शाळेतून गाशा गुंडाळावा लागला असता. मिलच्या संपाला दीड वर्ष झालं होतं, आणि लालबागच्या आमच्या खोलीतली पाच तोंडं माझ्या स्टायपेंडवर जेवत होती.

बाबांनी, म्हणजे गुणाजींनी, वीस वर्षं मिलमध्ये साच्यावर कापड विणलेलं. आता ते आमच्याच हॉस्पिटलात बदली वॉर्डबॉय होते. महिन्यातून आठ दिवस काम मिळालं तर नशीब. पहिल्याच दिवशी मी त्यांना बजावलं, इथं मला ओळख दाखवायची नाही. वडील मिलमध्ये हेडक्लार्क आहेत, असं मी वर्गात सांगून बसले होते. ते "बरां" म्हणाले. लाज मला वाटायला हवी होती, वाटली त्यांना.

तोंडी परीक्षेला बाहेरचे डॉक्टर आले. नर्स म्हणजे शिकवलेली मोलकरीण, हे त्यांचं मत, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. "पाचवा थर कुठे असतो?" विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत दारातल्या वॉर्डबॉयला हाक मारली, "ए मामा, हात दाखव."

बाबाच होते.

त्यांचा पंजा साहेबांनी मासळीबाजारातल्या बांगड्यासारखा उलटापालटा केला, तोही माझ्याकडे बघत. "ही अशी राठ कातडी. सांगा थर."

मी धडाधडा सांगितले, ल्युसिडमसकट.

"इथं टोचलं तर दुखेल?" साहेबांनी सुई उचलली.

"वरच्या थरात मेलेल्या पेशी असतात, सर. नाही दुखत."

सुई आत गेली. बाबा भिंतीकडे बघत राहिले.

"बरोबर. या लोकांना कशाचंच काही वाटत नाही," असं म्हणून त्यांनी मला पास केलं.

बाहेर जिन्यापाशी बाबा तळहात सदऱ्याला पुसत होते. सदऱ्यावर रक्त होतं. दीड वर्षात साच्याला हात लागला नव्हता. घट्टे कधीच झडून गेले होते, खालची कातडी मऊ पडली होती. रोज त्या हातानं वाढलेलं जेवणारी मी, कातडीच्या विषयात पास झालेली, आणि मला ते दिसलं नव्हतं.

"दुखलं ना? मग बोलला का नाहीत?"

"हात हलवलो असतो तर तुझां उत्तर चुकलां असतां."

तेवढ्यात मागून मुली आल्या. एकीनं विचारलं, "काय म्हणत होता गं तो मामा?"

"बक्षीस मागत होता," मी म्हटलं.