समुद्र ओलांडलेला खोका

मी एक खोका. शिसवी संदूक नव्हे, पितळी कड्यांची पेटी तर नव्हेच. खानापूरच्या रानातल्या आंब्याच्या फळ्यांना खिळे ठोकून केलेला मालाचा साधा खोका. तुम्ही ट्रंकेवर नाव घालता, कपाटाला आरसा लावता. माझ्यातलं काढून घेतलं, की मला पायानं बाजूला सारता. त्याबद्दल तक्रार नाही. पण समुद्र ओलांडूनही ज्याची जात शाबूत राहिली असा निपाणीतला पहिला मीच, एवढं तरी तुम्हाला ठाऊक असावं.

पहिल्या जर्मन लढाईच्या आधीची गोष्ट. निपाणीत आण्णाप्पांची तंबाखूची वखार होती. तिथं रवळू सुतारानं मला घडवलं. बोटीनं जाणाऱ्या मालाचे लाड फार. तंबाखूला खारं वारं लागलं की बुरा धरतो. म्हणून रवळूनं पत्र्याच्या डब्यात जर्दा दाबून भरला, कथलाचा डाग देऊन सांधे बुजवले, डबा माझ्यात उतरवला, भोवती भाताचा पेंढा कोंबला आणि वरून लोखंडी पट्ट्या आवळल्या. शेवटी काळ्या रंगानं माझ्या अंगावर इंग्रजीत लिहिलं : 'जपून उचला. कोरडे ठेवा.' शेजारी तंबाखू चाळणाऱ्या बायका दिवसभर खोकत होत्या. त्यांच्या पाठीवर असलं काही कुणी लिहिलं नव्हतं.

बैलगाडीनं चिकोडी रोड स्टेशन, तिथून आगगाडीनं लोंढ्यावरून घाट उतरून मुरगाव बंदर. तिथं आम्हा खोक्यांना फळ्यांच्या तराफ्यावर रचलं, दोराच्या जाळीत घेतलं आणि यारीनं उचलून बोटीच्या पोटात सोडलं. मी झांझिबारला निघालो.

तिकडं माल उतरवून घ्यायला परसू होता, आण्णाप्पांचा जावई. तो समुद्रापार गेला तेव्हा पंचांनी त्याला वाळीत टाकलं होतं. त्या बैठकीत आण्णाप्पाही बसले होते आणि त्यांनीही मान डोलावली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच जावयाच्या नावानं माल रवाना केला. त्याची बायको अंजनी मात्र माहेरीच ठेवून घेतली. माल गेला तरी चालेल, मुलगी जाता कामा नये.

परसूनं माझ्यातला जर्दा विकला, मला लवंगांनी भरलं आणि त्याच बोटीनं तोही अंजनीला न्यायला आला.

निपाणीत आमचं दोघांचं स्वागत झालं. मला चौघांनी उचलून माजघरात नेलं, झाकणावर हळदकुंकू वाहिलं, पहिल्या मूठभर लवंगा देवापुढं ठेवल्या. परसूला ओट्यावर बसवलं आणि त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं.

संध्याकाळी पंच जमले. त्यांचे मुख्य मारुतीराव. दाराआड अंजनी उभी होती. आण्णाप्पा म्हणाले, "जावयानं धर्म सोडला. पोरगी मी पाठवणार न्हाय."

मारुतीरावांनी तोंडातली लवंग गालात सारली. ती माझ्यातलीच होती. ते म्हणाले, "बरोबर हाय. समुद्र वलांडला की मानूस बाटतो."

"मग ह्या खोक्याचं काय?" अंजनीनं आतून विचारलं. पंचांपुढं बाईनं बोलायची रीत नव्हती, त्यामुळं सगळे जरा थबकलेच.

"कसला खोका?"

"ज्यातली लवंग तुम्ही खातासा, त्यो. त्योबी समुद्र वलांडूनच आलाय की. त्येला माजघरात घेतलासा."

मारुतीराव हसले. "खुळी का काय. जिन्नसाला कुठली आलीया जात?"

"बरं," अंजनी म्हणाली, आणि दारात आली. "आप्पा, मांडवात तुम्ही माझं दान केलासा. दान मानसाचं करत्यात का जिन्नसाचं?"

आण्णाप्पा पानाचं तबक पुढं ओढून सुपारी कातरू लागले.

"जिन्नस आसंन तर ज्येची हाय त्येला पाठवा, वाटंत बाटायची न्हाय. आन् मानूस आसंन तर मला इचारा, तुला काय पायजे म्हणून. अजून कुणीच इचारलं न्हाय."

पंचांच्या दृष्टीनं तिला विचारणं ही तर फारच अवघड गोष्ट होती. एका बाईला विचारलं, की घरोघरी विचारावं लागलं असतं. त्यापेक्षा दुसरी वाट सोपी. मारुतीराव घसा साफ करून म्हणाले, "दान दिलेल्या वस्तूवर बापाची मालकी न्हाय. ज्येची त्येनं न्यावी."

असा न्याय झाला. अंजनी माणूस नाही असं चार शहाण्यांनी ठरवलं, म्हणून तिला नवऱ्याकडं जायला मिळालं.

आण्णाप्पांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ती समोर आली की ते मागीलदारी जात. निघायच्या सकाळी मात्र ते वखारीत आले. रवळू माझ्यात अंजनीचं सामान भरत होता : लुगडी, गुळाची ढेप, लोणच्याच्या बरण्या. आण्णाप्पांनी त्याला हातानं बाजूला केलं आणि स्वतः खाली बसले. जन्मात कधी त्यांनी पेंढ्याला हात लावला नव्हता. ते बरणीभोवती पेंढा लावू लागले. एक थर झाला, दुसरा झाला. लुगड्यांना काही पेंढा लागत नाही, पण त्यांनी तिथंही घातला.

"आप्पा, पुरं की," रवळू म्हणाला. "आता झाकण बसंना."

"बशीव," आण्णाप्पा म्हणाले, आणि पेंढ्याची आणखी एक कवळ घातली.

मुलगी दारात उभी होती. तिला एक शब्द बोलले असते तर काम झालं असतं. पण शब्द पंचांच्या ताब्यात होते, पेंढा घरचा होता.

बोटीत मी पोटात होतो, खाली फळ्या, वर ताडपत्री, दोरांनी बांधलेला, खडखडीत कोरडा. अंजनी वरती उघड्या डेकवर वळकटी धरून लाटांखाली भिजत होती. तिला जिन्नस म्हणून पाठवलं खरं, पण जिन्नसाची जागा काही मिळाली नाही.

झांझिबारला तिनं मला उघडलं आणि खोलीभर पेंढा झाला. परसू हसला. "सासऱ्यांनी आख्खा गोठा पाठवलाय की." अंजनी हसली नाही. मांडीवर पेंढा घेऊन ती बराच वेळ बसून राहिली.

मी तिच्या स्वयंपाकघरात राहिलो, तांदूळ ठेवायला. निपाणीहून माझे भाऊबंद येत राहिले. प्रत्येकात जर्दा बेताचा आणि पेंढा गच्च. "आप्पा काय धंदा करत्यात का वैरण इकत्यात?" परसू कुरकुरायचा. पण खोका फोडायचा मान अंजनीचा. ती आधी पेंढ्यात कोपरापर्यंत हात घालायची आणि मगच बाकीच्यांना जवळ येऊ द्यायची.

पुढं लढाई लागली. बोटी कमी झाल्या, तंबाखूचा भाव चढला. पंचांनी पुन्हा बसून विचार केला आणि समुद्राचा दोष आता राहिला नाही असं त्यांना आढळलं. मारुतीरावांचा पुतण्या शामू झांझिबारला आला आणि अंजनीच्या हातचं पोटभर जेवू लागला. अंजनीनं बापाला निरोप धाडला, "आप्पा, आता या." उत्तर यायचं, "फुडच्या बोटीनं येतो." पुढच्या बोटीनं खोका यायचा.

मग एक खोका आला. परसूनं झाकण काढलं आणि खूश झाला. "ह्या खेपंला बघ कसा नेमका भरलाय. पेंढा पायजे तेवढाच."

अंजनीनं आत हात घातला. हात मनगटाशीच पत्र्याला लागला. ती उठली, विहिरीवर गेली आणि डोक्यावरून गार पाणी घेतलं, सुतकाची आंघोळ करावी तशी. पाठोपाठ परसू गेला, काय झालं विचारत.

लढाईच्या गडबडीत अडकलेली निपाणीची तार त्यानंतर आली.

आता सत्तेचाळीस साल आहे. परसू गेला. अंजनी पिकली. माझ्या बुडाला वाळवी लागली आहे. देश स्वतंत्र झाला म्हणून इथल्या मंडळींचा आज अंगणात चहा आहे. अध्यक्ष शामराव, म्हणजे तोच शामू. समुद्र ओलांडायचं धाडस आपल्या घराण्यानं सर्वांत आधी केलं, असं ते भाषणात सांगणार आहेत. मघाशी तालीम चालली होती, ती मी ऐकली.

सरपण कमी पडलं. अंजनी सुनेला म्हणाली, "त्यो खोका घे फोडायला. तांदूळ तेवढं काढ आधी."

माझी हरकत नाही. चहा सगळ्यांना पुरावा, शामरावांनाही. एकच मागणं आहे. मला फोडाल तेव्हा खिळे तेवढे वेचून घ्या. अंगणात पोरं अनवाणी खेळताहेत.