ओळंब्याचा दोरा

“वेणी उलटी फिरलीय,” बायको म्हणाली आणि त्याच्या हातातलं विणकाम घेऊन तिनं सुई सरळ बाहेर ओढली. लोकर धरून चार हिसके दिले. सकाळपासूनच्या अकरा ओळी उसवून तिच्या पायाशी पडल्या.

“अगं, कुठे चुकलं ते तरी दाखवायचंस.”

“छोट्या सुईवरचे तीन टाके पुढे ठेवा, असं मी म्हणाले होते. तुम्ही मागे टाकलेत. घ्या, पुन्हा.”

तिनं आपली विणकामाची पिशवी खांद्याला अडकवली आणि ती भाजी चिरायला गेली. ही पिशवी ती घरातल्या घरात सगळीकडे बरोबर नेई. यावरून त्यानं तिची वर्षानुवर्षं थट्टा केली होती.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. एकतीस वर्षं नोकरी झाली आणि उजव्या अंगावरून वारं गेलं. बोटांना काम द्या, नाहीतर आखडतील, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून तिनं त्याच्या हातात सुया दिल्या. सुलट-उलट टाके त्याला महिन्याभरात जमले. पण शर्टाची बटणं अजून तीच लावायची. रोज सकाळी हनुवटी वर करून तिच्यापुढे उभं राहायचं आणि तिनं पोत्याचं तोंड शिवावं तशी बटणं लावायची. त्याला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं होई. विणीत पीळदार वेणी घालता आली तर ही बोटं बटणही लावतील, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

शिकवणारी मात्र पक्की होती. चूक कितीही वरची असो, ती पार बुडापर्यंत उसवायची.

“तू शिकवतेस की उट्टं काढतेस?” त्यानं एकदा विचारलं.

“दोन्ही,” ती म्हणाली.

उट्टं कशाचं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं जुन्या हत्यारांच्या पेटीतून, सरळ उभी रेषा तपासायच्या ओळंब्याचा बारीक नायलॉनचा दोरा काढला. वेणीचे दोन पीळ बिनचूक पडले होते. तिसऱ्याला हात घालण्याआधी त्यानं बोथट सुईनं तो दोरा विणायच्या सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून आरपार ओवला. चाळीस टाके, पाऊण तास, कपाळाला घाम. अडकलेल्या लिफ्टमधल्या घाबरलेल्या माणसांना तो जन्मभर सांगत आला होता, दोर तुटला तरी लिफ्ट खाली जात नाही, पकड बसते.

दुपारी ती आली. “इथे टाका गळलाय,” म्हणाली आणि सुई ओढली. सहा ओळी भराभर गेल्या आणि लोकर अडली. तिनं पुन्हा हिसका दिला. वेणीचे दोन्ही पीळ दोऱ्याखाली जसेच्या तसे राहिले.

“हे काय केलंत?”

“पकड बसवलीय. याच्या खाली उसवत नाही.”

ती तो तुकडा उलटसुलट करून बघत राहिली. आता कौतुक करेल, असं त्या शहाण्याला वाटलं.

“आपल्या पोरीच्या पिवळ्या स्वेटरच्या वेळी हे ठाऊक असतं, तर त्याची विणलेली पाठ तरी वाचली असती,” ती म्हणाली. “जेवायला उशीर झाला म्हणून सुई उपसून जिन्यापर्यंत ओढत नेला होतात त्याचा धागा.”

“बत्तीस वर्षं झाली गं त्याला.”

“मोजलीत म्हणजे आठवतंय तर.”

“चुकलं माझं,” तो म्हणाला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

तिनं तो तुकडा त्याच्यापुढे धरला. म्हणाली, “कसा ओवायचा ते दाखवा.”

त्यानं एक टाका ओवून दाखवला. तिनं पिशवीतून आपली अर्धवट निळी शाल काढली, उरलेला दोरा एकेका टाक्यातून ओवला, दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि त्या ओढून पाहिल्या.

मग शाल आणि पिशवी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर ठेवून ती मोकळ्या हातांनी स्वयंपाकघरात गेली. शाल त्याच्या हाताशीच होती. त्यानं दोन्ही हात मांडीवर घेतले आणि ती परत येईपर्यंत तसाच बसून राहिला.