ओळखीचा डॉक्टर

सकाळी उठल्यापासून प्रणवच्या डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके नाचत होते आणि मधूनच वीज चमकल्यासारखं होत होतं. त्याला लहानपणापासून जाड भिंगाचा चष्मा. त्यात वडिलांचा एक डोळा असाच ठिपक्यांपासून सुरू होऊन कायमचा गेलेला. 

त्याच्या बायकोने, वैभवीने, लगेच जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात फोन लावला. रिसेप्शनवरच्या बाईंनी सगळं नीट विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "इथे नका येऊ, हाय स्ट्रीटवरच्या ऑप्टिशियनकडे जा. आपल्या भागात डोळ्याचं तातडीचं तेच बघतात. अकरा वाजता पोचा, मी कळवते त्यांना."

"चष्म्याच्या दुकानात?" प्रणव उखडलाच. "डोळा जायची वेळ आलीये आणि मी फ्रेमा बघत बसू? छे! साकेतला सांगतो."

साकेत म्हणजे त्याचा शाळेतला मित्र, कॉव्हेंट्रीच्या बाजूला डोळ्यांचा डॉक्टर. प्रणवला इंग्लंडात ब्रॅकनेलला येऊन दोन वर्षं झाली, पण सवय पुण्याची ती पुण्याचीच. दाढ दुखली तरी आधी ओळखीचं कोण ते शोधणार, मगच तोंड उघडणार! साकेत ऑपरेशनमध्ये होता, फोन बंद. साहेबांनी मेसेज टाकला आणि सोफ्यावर ठाण मांडलं.

"अरे, अकरा वाजले!"

"थांब गं. आपला माणूस डोळ्यांचा डॉक्टर असताना कशाला वणवण?"

वैभवीचं डोकं फिरलं. सासऱ्यांच्या डोळ्याचं नाव काढावं असं फार वाटलं, पण मुळात तोच घाबरलेला, आणखी घाबरवायचं तिच्या जिवावर आलं. ठिपके मात्र वाढत होते.

दुपारी एकदाचा साकेतचा फोन आला.

"आमच्या इथल्या हॉस्पिटलात एक शब्द टाक ना रे," प्रणव म्हणाला.

"कुठे टाकू? तुझं गाव बर्कशर जिल्ह्यात, मी इथे कॉव्हेंट्रीकडे. तुमच्या हॉस्पिटलात मला कुत्रं विचारत नाही! त्या ऑप्टिशियनने फोन केला की मात्र तुला लगेच आत घेतील. माझ्या आईलाही मी आमच्या इथल्या ऑप्टिशियनकडेच पाठवलं होतं. सकाळी का नाही गेलास, गाढवा? पळ आधी!"

वैभवीने गाडी काढली. दुकानात फ्रेमांच्या मागे एक छोटी खोली होती. रेबेका नावाच्या ऑप्टिशियनने थेंब घातले, यंत्रातून बराच वेळ पाहिलं आणि तिचा चेहरा गंभीर झाला. डोळ्याच्या आतला पडदा फाटला होता, पण अजून सुटला नव्हता. तिने स्वतः हॉस्पिटलला फोन केला. संध्याकाळपर्यंत लेझर झालंसुद्धा.

"आणखी एक-दोन दिवस काढले असते तर पडदा सुटला असता," तिथली डॉक्टर जाता जाता म्हणाली.

कार पार्कमध्ये वैभवीने किल्ली लावली आणि तशीच बसून राहिली.

"आपला माणूस म्हणे! डोळा गेला असता म्हणजे? त्या साकेतची आरती ओवाळत बसायचं होतं का मी?" बोलता बोलता तिला रडूच कोसळलं. दिवसभर दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं.

 प्रणवने उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि डाव्याने तो तिच्याकडे नुसतं बघत राहिला.

"अंधुक आहे," तो म्हणाला, "पण दिसतेयस."

"कशी?"

"रडकी," असं म्हणत त्याने तिचे डोळे पुसले.