पडद्यावरची राणी

माझ्या लेकीची, जयंतीची, सोयरीक जमली ते साल चौऱ्याऐंशी. त्याच साली अंधेरीच्या एका हॉलात एक जुना मुका सिनेमा दाखवणार, असं आमच्या वेसाव्याच्या कोळीवाड्यात कळलं. माझे सासरे हरेश्वर यांनी तरुणपणी त्यात काम केलं होतं. आधी ते नाटक होतं. तेव्हा बायका नाटकात येत नसत, म्हणून राणी सासरेच व्हायचे. नाटकाचा सिनेमा झाला तरी राणी तेच राहिले.

माझा नवरा बळवंत. त्याला लहानपणी बंदरावर ‘राणीचा पोर’ म्हणून चिडवायचे. त्यामुळे सोयरिकीच्या बोलण्यात त्याने मढच्या व्याह्यांना, सहदेवांना, ठोकून दिलं की बाबा सिनेमात राजा होते. व्याही म्हणाले, मग आम्हीही येतो बघायला. हे सासऱ्यांना सांगायला त्याची जीभ उचलेना. माझीही उचलली नाही.

सासऱ्यांनी स्वतःला पडद्यावर कधी पाहिलंच नव्हतं. सिनेमा लागला तेव्हा ते होडीवर होते. अंधेरीच्या खेळाच्या दिवशी सकाळपासून ते नवा सदरा घालून बसले होते.

राणी पडद्यावर आली. महालात चालताना तिचा हात मधूनच डोक्याशी जाई, पाटी सावरल्यासारखा. सासरे बाईची चाल आपल्या आईकडे बघून शिकले होते, आणि ती मासळी विकायची. सासरे पुढे वाकून बघत होते. ओठ हलत होते त्यांचे.

सहदेवांनी विचारलं, “यात बाबा कुठले हो?”

बळवंतने मिशीवाल्या राजाकडे बोट केलं. “ते.”

सासऱ्यांनी मान वळवून मुलाकडे पाहिलं. तिकडे राणी रडत होती, ते त्यांचं बघायचं राहिलं.

“राजा झकासच,” सहदेव सासऱ्यांना म्हणाले. “पण राणी बघा. आपल्यातलीच कोळीण वाटते. कोण होती ती बाई?”

बळवंतने मान खाली घातली. मी पदर तोंडाशी धरला.

“होती एक,” सासरे म्हणाले. “आता कोण ओळखतंय तिला.”

घरी आल्यावर सासऱ्यांनी सदरा काढून त्याची घडी घातली आणि बळवंतला जेवायला हाक मारली. रागावले असते तर बरं झालं असतं. बळवंत अर्ध्या ताटावरून उठला.

लग्न नीट लागलं. मांडवात सहदेव सासऱ्यांना ‘राजे’ म्हणून हाक मारायचे आणि सासरे ओ द्यायचे. तेवढ्या वेळी बळवंत मांडवाबाहेर जायचा.

पंच्याऐंशी साली, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, सासरे घरीच वारले; व्याह्यांच्या लेखी ते शेवटपर्यंत राजाच राहिले.